पगार महिन्याचा की तासाचा?

घर आणि रोजगार

घरातल्या मुलाला नोकरी लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पगार किती?" नोकरी परदेशात असेल तर लगेच दुसरा प्रश्न येतो, "आपल्या रुपयांत किती होतात?" कुवेतचा दिनार, सौदीचा रियाल, दुबईचा दिरहम, यांचा हिशेब आपल्याकडे आजीलाही तोंडपाठ असतो. पण "रोज किती तास काम?" हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. "त्या गावात त्या पैशात काय काय येते?" हे तर त्याहून कमी विचारले जाते.

खरे पाहता मजूर महिना विकत नाही, तो आपले तास विकतो. म्हणून पगार आणि तास वेगळे काढले की हिशेब चुकतो. हे नीट कळावे म्हणून या महिन्यात आपण आफ्रिका खंडातील दोन मोठे देश शेजारी-शेजारी ठेवून पाहू या. एक नायजेरिया आणि दुसरा दक्षिण आफ्रिका.

नायजेरिया पश्चिम आफ्रिकेत आहे. लोकसंख्या वीस कोटींहून अधिक, म्हणजे अख्ख्या खंडात सर्वांत जास्त. त्यातले जवळपास निम्मे मुस्लिम आहेत. कानो, सोकोतो, कात्सिना ही उत्तरेकडील जुनी मुस्लिम शहरे आणि दक्षिणेला समुद्रकाठी लागोस हे व्यापाराचे महानगर. जमिनीत खनिज तेल भरपूर.

दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या सहा कोटींच्या थोडी वर आहे. सोने, प्लॅटिनम, कोळसा यांच्या खाणी, मोठे कारखाने, रुंद रस्ते. मुस्लिम दोन टक्क्यांच्या आसपास, पण केप टाउन आणि डर्बनमध्ये त्यांची वस्ती फार जुनी. रत्नागिरीच्या बाजूने गेलेली आपली कोकणी मुस्लिम कुटुंबेही केप टाउनमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ राहत आहेत आणि तिथे आजही 'कोकणी' म्हणूनच ओळखली जातात.

आकडे समोरासमोर

दक्षिण आफ्रिकेत किमान वेतन तासावर ठरते. १ मार्च २०२५ पासून ते तासाला २८.७९ रँड झाले. नायजेरियात किमान वेतन महिन्यावर ठरते. जुलै २०२४ मध्ये ते महिन्याला ७०,००० नायरा झाले.

आकडा पाहिला तर सत्तर हजार कुठे आणि अठ्ठावीस कुठे! पण आता हिशेब करू. दक्षिण आफ्रिकेत आठवड्याला ४५ तास काम केले तर १,२९५ रँड होतात आणि महिन्याला साधारण ५,६०० रँड. २०२५ च्या दराने ढोबळमानाने हे २७ हजार रुपये झाले. नायजेरियाचे सत्तर हजार नायरा मात्र आपल्या चार हजार रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे फरक सहा-सात पटींचा आहे.

रुपयांत बदलणे ही झाली पहिली पायरी. दोन्ही मजूर रुपयांत खरेदी करत नाहीत, त्यांना आपापल्याच बाजारात जायचे आहे. म्हणून दुसरे माप घेऊ. एका तासाच्या कमाईत किती पेट्रोल येते? २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पेट्रोल लिटरला २१-२२ रँडच्या घरात होते. म्हणजे एका तासात एक लिटर आणि वर थोडे. नायजेरियाचा महिन्याचा पगार ४० तासांच्या आठवड्याने भागला तर तासाला ४०४ नायरा पडतात आणि लागोसमध्ये पेट्रोल साडेआठशे-नऊशे नायरा लिटर होते. म्हणजे एका लिटरसाठी दोन तासांहून जास्त काम. हे त्या देशात, जिथे जमिनीतून तेल निघते!

पेट्रोलचेच माप का घेतले? कारण कामावर जायचे बसभाडे, बाजारात येणारा भाजीपाला, वीज गेल्यावर दुकानात चालणारा जनरेटर, सगळ्यांत ते मिसळलेले असते.

तासांचा कायदा

आता कामाच्या तासांकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेत १९९७ चा रोजगाराच्या मूलभूत अटींचा कायदा आहे. आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास. पाच दिवसांचा आठवडा असेल तर दिवसाला नऊ तास, सहा दिवसांचा असेल तर आठ तास. जादा काम मजुराच्या संमतीनेच घ्यायचे, तेही आठवड्याला दहा तासांपेक्षा जास्त नाही आणि त्याला दीडपट पैसे. एरवी रविवारी काम नसलेल्याला रविवारी बोलावले तर दुप्पट. पाच तास सलग काम झाले की जेवणाची सुट्टी. आठवड्यातून सलग ३६ तास विश्रांती. वर्षाला सलग २१ दिवस पगारी रजा. मूळ कायद्यात बाळंतपणाची चार महिने रजा होती, जिचे पैसे मालकाकडून नव्हे तर बेरोजगारी विमा निधीतून मिळत. ठरावीक मर्यादेच्या वर कमावणाऱ्या वरिष्ठ नोकरदारांना यातले तासांचे नियम लागू नाहीत. ते आहेत कमी पगाराच्या माणसासाठी.

या देशाने आणखी एक बारीक गोष्ट केली. मालकाने एखाद्याला बोलावले आणि चार तासांपेक्षा कमी काम दिले, तरी पैसे चार तासांचे द्यायचे. कारण दीड तासाच्या कामासाठी कोणी दोन बसगाड्या बदलून येत असेल, तर तिची अख्खी सकाळ गेलेली असते.

नायजेरियाचा कामगार कायदा वेगळा आहे. कामाचे तास मालक आणि मजुराने आपसात ठरवावेत, किंवा संघटनेशी झालेल्या करारात ठरावेत, किंवा वेतन मंडळाने ठरवावेत, असे तो म्हणतो. आठवड्याला इतकेच तास, याच्या वर नाही, अशी सरसकट मर्यादा त्यात नाही. ठरलेल्या तासांच्या वरचे काम जादा काम धरायचे, पण त्याला किती पट पैसे हे कायदा सांगत नाही. सहा तास किंवा जास्त काम असेल तर मिळून एक तास विश्रांती, सात दिवसांत एक दिवस सुट्टी, वर्ष भरल्यावर कामाच्या किमान सहा दिवसांची पगारी रजा आणि बाळंतपणाला बारा आठवडे, निदान अर्ध्या पगारासह. सरकारी कार्यालयात सकाळी आठ ते दुपारी चार अशी वेळ चालते. पण सरकारी नोकरी किती जणांच्या नशिबी असते?

महिन्याचा पगार आणि तासांना लगाम नाही, याचा परिणाम काय होतो पाहा. सत्तर हजारांत आठवड्याला ४० तास काम केले तर तासाला ४०४ नायरा. तोच पगार आणि ४८ तास काम, तर ३३७. तोच पगार आणि ६० तास, तर अवघे २६९. कागदावर पगार तोच आहे, कोणी एक पैसाही कापला नाही, पण मजुराच्या मेहनतीचा भाव एक तृतीयांशाने घसरला.

लागोसच्या श्रीमंत वस्तीत फाटकापाशी बसणारा पहारेकरी आठवा. त्याला 'मैगाडी' म्हणतात. हा हौसा भाषेतला शब्द, कारण हे काम करायला उत्तरेकडून आलेली मुस्लिम माणसे पुष्कळ. राहणे फाटकालगतच्या खोलीत, गाडी आली की फाटक उघडायचे, रात्री आवाज झाला की उठायचे. त्याला महिन्याचा पगार मिळतो, पण त्याचे काम कुठे संपते आणि विश्रांती कुठे सुरू होते, हे कोण ठरवणार?

कायदा कोणाच्या दारापर्यंत जातो?

कायद्यात काय लिहिले आहे इतकेच पाहून भागत नाही. तो कोणाला लागू आहे, हे पाहावे लागते.

नायजेरियाच्या किमान वेतन कायद्यातून काही जण सुरुवातीलाच वगळलेले आहेत. ज्या ठिकाणी पंचवीसपेक्षा कमी माणसे काम करतात तिथे तो लागू नाही. अर्धवेळ काम करणाऱ्यांना नाही. नगावर किंवा कमिशनवर काम करणाऱ्यांना नाही. शेतीसारख्या हंगामी कामावरच्या मजुरांना नाही. आता विचार करा, शिंप्याच्या दुकानात पंचवीस माणसे असतात का? बेकरीत, खानावळीत, गॅरेजमध्ये असतात का? घरकाम करणारी बाई ज्या घरात जाते तिथे पंचवीस नोकर असतात का? वगळलेल्यांची यादी चार-पाच ओळींची आहे, पण देशातले बहुतेक मजूर त्या ओळींतच बसतात. नायजेरियात दर दहा कामकऱ्यांपैकी नऊहून अधिक जण असंघटित क्षेत्रात आहेत.

ज्यांना कायदा लागू आहे त्यांचीही वाट सोपी नाही. देशात ३६ राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्य सरकारला आपल्या नोकरांचा पगार स्वतःच्या तिजोरीतून वाढवावा लागतो. लागोस आणि रिव्हर्स या राज्यांनी २०२४ मध्ये सत्तर हजारांच्याही पुढे जाऊन ८५,००० नायरा जाहीर केले. दुसऱ्या काही राज्यांत मात्र वाढीव पगार हाती पडायला बराच उशीर झाला.

दक्षिण आफ्रिकेचा कायदा सैन्य, गुप्तचर खाती आणि बिनपगारी स्वयंसेवक सोडले तर सर्वांना लागू आहे. एकच मोलकरीण ठेवणाऱ्या घरालाही तो लागू आहे. पण हे एका दिवसात झाले नाही. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या घरी राबणारी काळी बाई मागच्या अंगणातल्या लहानशा खोलीत राहायची, स्वतःची मुले दूर गावी आजीजवळ ठेवून मालकाची मुले सांभाळायची. १९९४ मध्ये लोकशाही आली, तरी घरकामगारांसाठी किमान वेतनाचे आणि तासांचे नियम यायला २००२ उजाडले. २००३ मध्ये त्यांना बेरोजगारी विमा मिळाला. २०१९ मध्ये सगळ्यांसाठी तासाला २० रँड ठरले, तेव्हाही घरकामगारांना पंधराच. अखेर मार्च २०२२ मध्ये ही तफावत मिटली आणि घरकामगार व कारखान्यातला मजूर यांचा किमान दर एक झाला.

मधल्या काळात एक खटला गाजला. २०१२ मध्ये प्रिटोरिया शहरात घरकाम करणारी एक बाई मालकाच्या घरी काम करताना पोहण्याच्या तलावात पडून बुडाली. तिची नजर अधू होती आणि तिला पोहता येत नव्हते. कामावर असताना मृत्यू आला तर मजुराच्या वारसांना भरपाई देणारा कायदा देशात होता, पण खासगी घरातले नोकर त्यातून वगळलेले होते. तिची मुलगी न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये घटनापीठाने निकाल दिला की घरकामगारांना वगळणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, आणि हा हक्क २७ एप्रिल १९९४ पासून, म्हणजे लोकशाहीच्या पहिल्या दिवसापासून लागू धरावा. आईच्या मृत्यूनंतर एका मुलीने लढवलेल्या या खटल्याचा फायदा देशातल्या लाखो घरकामगारांना झाला.

शेतमजुरांचेही असेच. २०१२ च्या अखेरीस केप प्रांतातील द डोर्न्स या द्राक्षांच्या गावी मजुरांनी संप केला. आपल्या नाशिककडे जशा द्राक्षबागा, तशाच तिथे. दिवसाची मजुरी ६९ रँड होती आणि मागणी १५० ची. हे आंदोलन पेटले, राज्यभर पसरले, आणि मार्च २०१३ पासून सरकारने मजुरी १०५ रँड केली. त्याच वर्षी, १६ ऑगस्ट २०१२ रोजी, मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीत पगारवाढीसाठी संपावर असलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या होत्या. आज तासाच्या ज्या दराचे आपण कौतुक करतो, त्याच्या मागे इतके सगळे घडून गेले आहे.

वाढलेला पगार आणि आटलेला पैसा

नायजेरियाची कहाणी वेगळ्या प्रकारे दुःखाची आहे. तिथे पगार वाढत गेला आणि मजूर गरीब होत गेला.

१९८१ मध्ये तिथे पहिल्यांदा राष्ट्रीय किमान वेतन ठरले, महिन्याला १२५ नायरा. त्या वेळी नायरा डॉलरपेक्षा महाग होता. त्या १२५ नायरांचे दोनशे डॉलर होत. २०११ मध्ये किमान वेतन १८,००० नायरा झाले, त्याचे साधारण ११५ डॉलर. २०१९ मध्ये ३०,००० झाले, बाजारभावाने ऐंशी-पंचाऐंशी डॉलर. २०२४ मध्ये ७०,००० झाले, आणि डॉलर जेमतेम पंचेचाळीस. आकड्यापुढे शून्ये वाढली, पिशवीतला माल कमी झाला.

मोठा धक्का २०२३ मध्ये बसला. २९ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बोला तिनुबू यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी पेट्रोलवरचे सरकारी अनुदान संपल्याचे जाहीर केले. दोनशे नायरांच्या आत मिळणारे पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या घरात गेले आणि पुढच्या वर्षी अनेक ठिकाणी हजाराच्या वर. जून २०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर सोडला, तो कोसळला. सरकारचे म्हणणे असे की अनुदानावर तिजोरी रिकामी होत होती, त्याचा फायदा तस्कर आणि श्रीमंत घेत होते, आणि हे कधीतरी करावेच लागणार होते. त्यात तथ्यही आहे. पण भार पडला तो रोज कमावून रोज खाणाऱ्यावर. जून २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर गेली. त्याच महिन्यात कामगार संघटनांनी देशव्यापी संप पुकारला. त्यांची मागणी साडेचार-पाच लाख नायरांची होती, ती खाली येत अडीच लाखांवर आली, आणि जुलैच्या अखेरीस कायदा झाला तो सत्तर हजारांचा. त्या वर्षी तांदळाच्या पन्नास किलोच्या पोत्याची किंमतच सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. महिनाभर राबून तांदळाचे एक पोतेही पुरते येत नव्हते.

एक चांगली गोष्ट त्या कायद्यात झाली. आधी वेतनाचा फेरविचार पाच वर्षांनी व्हायचा, तो आता तीन वर्षांनी करायचा आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र दर दरवर्षी मार्चमध्ये महागाई पाहून बदलतो. महागाई रोज वाढत असेल आणि पगार तीन वर्षांनी, तर मधल्या दिवसांचा खड्डा मजुराच्या ताटातूनच भरला जातो.

काम आहे की नाही?

इथपर्यंत वाचून वाटेल की दक्षिण आफ्रिका म्हणजे मजुराचा स्वर्ग. तसे नाही. तिथले दुखणे निराळे आहे. तिथे तासाला भाव आहे, पण तासच मिळत नाहीत.

२०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बेरोजगारीचा दर ३३ टक्क्यांच्या आसपास होता. काम शोधणाऱ्या दर तिघांत एक रिकामा. १५ ते २४ वयाच्या तरुणांत तर साठ टक्क्यांहून जास्त. याची मुळे जुनी आहेत. वर्णभेदाच्या कायद्यांनी काळ्या लोकांना शहरापासून दूर वस्त्यांत लोटले आणि त्यांच्या मुलांना मुद्दाम हलके शिक्षण दिले. कायदे गेले, वस्त्या तिथेच राहिल्या. सोवेतोहून जोहान्सबर्गच्या उत्तरेकडील उपनगरात कामाला जाणारी बाई अंधारात घराबाहेर पडते, छोट्या टॅक्सी-बसमध्ये दाटीवाटीने बसते, एक-दोनदा गाडी बदलते. तिचे कामाचे तास आठ, पण घराबाहेरचे तास अकरा-बारा. प्रवासाच्या तासांना कोणी पैसे देत नाही, उलट भाडे तीच भरते.

आणि मिळालेले ५,६०० रँड ती एकटी खात नाही. बेकार मुलगा, शिकणारी मुलगी, गावची आई, सगळ्यांचे पोट त्यावर. २०२५ मध्ये बेकारांसाठी सरकार महिन्याला ३७० रँडची मदत देत होते. म्हणजे तेरा तासांच्या मजुरीइतकेही नाही. सरकारच्याच रोजगार योजनेवर काम करणाऱ्यांना तर २०२५ मध्ये किमान वेतनाच्या निम्म्याहून जरा जास्त, तासाला १५.८३ रँड मिळत होते. तपासनीस थोडे आणि बंद दारांमागची घरे लाखो, त्यामुळे कायदा मोडणारे मालकही आहेत. बेकारीचा राग मग भलतीकडे निघतो. २००८, २०१५ आणि २०१९ मध्ये परदेशी मजूर आणि दुकानदारांवर हल्ले झाले. त्यात झिम्बाब्वेचे, सोमालियाचे, बांगलादेशचे आणि नायजेरियाचेही लोक होते. जास्त पगाराच्या आशेने आलेला माणूसच शत्रू ठरला.

आता नायजेरियातला बेरोजगारीचा आकडा ऐका. २०२० च्या अखेरीस तो ३३.३ टक्के होता. २०२३ च्या सुरुवातीला तो ४.१ टक्के झाला! मधल्या काळात कोट्यवधी नोकऱ्या निघाल्या का? नाही. मोजण्याचे माप बदलले. आधी आठवड्यात किमान वीस तास काम करणारा रोजगारात धरला जायचा. त्याच्याही आधी, २०१४ पूर्वी, चाळीस तास. २०२३ पासून आठवड्यात एक तास काम केले तरी तो रोजगारात मोजतात. जगभर हेच माप चालते, त्यामुळे सरकारने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. पण आठवड्यात एक तास मोबाइलचे रिचार्ज विकणारा तरुणही त्या आकड्यात 'कामाला' आहे.

नायजेरियात घरी बसून राहणे कोणाला परवडत नाही, कारण बेकारभत्ता नाही. माणूस काहीतरी करतोच. पाण्याच्या पिशव्या विकतो, सिमेंट वाहतो, तीनचाकी चालवतो. या तीनचाकीला तिथे 'केके' म्हणतात आणि त्यातल्या पुष्कळशा आपल्या महाराष्ट्रातल्या बजाज कंपनीच्या असतात. केके भाड्याने घेणाऱ्याला आधी मालकाचे रोजचे पैसे बाजूला काढावे लागतात, मग पेट्रोलचे, मग उरले तर स्वतःचे. पेट्रोल महागले म्हणजे त्याचा दिवस लांबला, इतका सरळ हिशेब आहे.

आणि काही तास तर कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. कानोसारख्या हौसा शहरांत पुष्कळ स्त्रिया पडदा पाळून घराच्या आत राहतात, पण रिकाम्या बसत नाहीत. शेंगदाण्याचे तेल काढतात, उरलेल्या पेंडीचे 'कुली-कुली' तळतात, चवळीची भजी, तांदळाचे 'मासा' करतात. मुले ते डोक्यावर घेऊन गल्लीत विकून येतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा धंदा आहे. पैसा बाईचा स्वतःचा असतो आणि त्यातून मुलीच्या लग्नाची भांडी, औषधपाणी, शाळेची फी निघते. पहाटे चूल पेटवल्यापासून तिचे किती तास जातात ते कोणत्या कायद्यात नाही, आणि जी मुलगी परात घेऊन फिरते तिचे शाळेचे तास किती बुडाले तेही नाही. आपल्या घरात पापड लाटणारी, चिकनकारी करणारी, शिवणकाम करणारी भगिनी हे वाचून मान हलवील.

मग कोणता देश बरा?

ज्याला दक्षिण आफ्रिकेत पूर्ण वेळ काम मिळाले आहे, तो नायजेरियातल्या त्याच कामाच्या माणसापेक्षा नक्कीच बऱ्या स्थितीत आहे. त्याच्या तासाला भाव आहे, जादा तासाला दीडपट आहे आणि दाद मागायला जागा आहे. पण ज्याला काम मिळालेले नाही, त्याला या कायद्याचा काही उपयोग नाही. नायजेरियात काम नाही असा माणूस कमी, पण पुरेल असे काम असलेलाही कमी. दक्षिण आफ्रिकेने कामाचा भाव आधी बांधला आणि काम निर्माण करण्यात ती मागे पडली. नायजेरियात काम लोकांनी स्वतःच शोधले, त्याला भाव आणि हद्द देण्याचे काम सरकारकडून राहून गेले. मजुराला दोन्ही गोष्टी हव्या असतात.

आपल्याला यातून घ्यायचे काय? पुढच्या वेळी घरात नोकरीचा विषय निघाला की 'पगार किती' यावर थांबू नका. चार गोष्टी कागदावर लिहा. प्रवास धरून रोज किती तास जाणार, आणि त्या हिशेबाने तासाला किती पडतात? जादा कामाचे पैसे मिळणार की नाही, ते लेखी आहे का? त्या शहरात खोलीभाडे, जेवण, गाडीभाडे वजा जाता हातात किती उरेल? आणि अपघात, आजारपण, बाळंतपण आले तर कायदा त्याच्या बाजूने आहे का? आखातात जाणाऱ्या मुलासाठी हे विचारा, शहरातल्या दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या मुलीसाठीही विचारा.

आणि हाच कागद एकदा उलटा धरा. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचे महिन्याचे पैसे त्यांच्या तासांनी भागून पाहा. पाहुणे आले, रमजानमध्ये इफ्तारची भांडी वाढली, लग्नघर झाले, तर त्या जादा तासांचे आपण काय देतो? त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का? आजारी पडल्या तर पैसे कापतो का? शेवटची वाढ कधी दिली, आणि त्यानंतर तेलाचा डबा किती महागला? दक्षिण आफ्रिकेला हे प्रश्न कायद्यात लिहायला पुष्कळ वर्षे लागली. आपल्या घरापुरते ते याच महिन्याच्या एक तारखेपासून लागू करता येतात.